जनान्याचे पास

७ जानेवारी १९५६, शनिवार

आज मी फुटबॉल पाहिला. लग्न होऊन परभणीत आले त्याला नऊ वर्षं झाली, पण मैदानावर पाऊल पडलं ते आज.

हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. यंदा टूर्नामेंट कमिटीनं सीझन पास खपवायचं लोढणं ह्यांच्याच गळ्यात बांधलं. महिनाभर सामने, हैदराबाद-सिकंदराबादेहून खेळायसाठीच पगारावर ठेवलेले खेळाडू येणार, म्हणून पासही तसेच महाग. ह्यांनी मोंढ्याच्या बाजारातल्या एकेका आडत्याला गाठलं. पुरुषांच्या खुर्चीचा पास घेणाऱ्याला जनान्याचे दोन पास सोबत घ्यावेच लागतात, एक घरच्या सुनेसाठी, एक सासूसाठी. ही अक्कल ह्यांचीच. आडत्यांनी मुकाट पैसे काढले, कारण कमिटीचे अध्यक्ष माणिकराव वकील बरोबर होते आणि कोर्टात ज्याचं काम नाही असा आडत्या मोंढ्यात नाही.

पास खपले, पण मोंढ्यातल्या बायका कुठल्या यायला? जनान्याच्या सतरंज्यांवर तीन दिवस एक कुत्रं तेवढं येऊन बसत होतं.

"तू तरी येऊन बस बरं," हे काल म्हणाले. "रिकामं लय वंगाळ दिसायलंय."

एकटी कशी जाऊ, म्हणून शेजारच्या कडूबाईला घेतलं; जनाना रिकामाच, ह्यांनी तिला बिनपासाचंच आत सोडलं. कडूबाई ह्यांच्याच जिनिंगमध्ये कापूस निवडते. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून एकटी राहते. रस्त्यानं जाताना ती नेहमी कडेकडेनं चालते. सकाळी कोणी कामाला निघालं असेल तर आपण होऊन बोळात शिरते, तिचं तोंड बघून कोणाचा खोळंबा व्हायला नको म्हणून.

जनान्याला पुरुषांच्या बाजूनं उंच कनात आहे आणि समोर मैदान सगळं मोकळं. आम्हाला सगळं दिसतं, आम्ही कोणाला दिसत नाही. हिरव्या सदऱ्यांच्या टीमनं पहिला गोल केला आणि माझ्या शेजारून अशी आरोळी निघाली की मी दचकले. कडूबाई उभी राहून ओरडत होती. नऊ वर्षांत मी तिचा मोठा आवाज ऐकला नव्हता.

येताना म्हणाली, "हितं मला कुनी बगत न्हाई, वहिनी. मीच समद्यायला बगायलेय."

मला काय वाटलं ते लिहूनच ठेवते. मला फार बरं वाटलं. उद्या पुन्हा जाणार.

९ जानेवारी, सोमवार

वकिलांनी फर्मान काढलं. बावीस तारखेच्या रविवारपर्यंत जनाना भरला नाही तर कनात उपटायची, तिथं खुर्च्या टाकायच्या, आणि पुढच्या वर्षापासून बायकांची भानगडच ठेवायची नाही.

मला काय करायचंय, असं म्हणून भाकरी थापायला बसले. दोन भाकरी करपल्या. मग उठून कडूबाईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. तिचं तोंड उतरलं ते मला बघवेना. मग म्हणाली, "पास मोंढ्यात निजल्यात अन् बगनाऱ्या जिनात राबायल्यात. मधी कुनीतरी चालत जायला पायजे."

मी म्हटलं, मी चालते.

पण कोणाकडे जायचं? नशीब असं, की आज जेवताना ह्यांचीच तक्रार सुरू झाली. किशनराव आडत्यांकडे पास तराजूच्या पारड्याखाली पडलाय, अमक्याच्या घरी दिवळीत आहे, तमक्याच्या बायकोला बघायचं आहे पण सोबत नाही. एकेका घराचं नाव घेऊन सांगत होते. मी भात वाढता वाढता सगळं डोक्यात साठवलं. भोळा माणूस, ह्यांना पत्ताच नाही.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यातलं काही कळू द्यायचं नाही. आधीच त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलंय. मैदानाला लागून मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या उंच पारावर बसून त्या रोज दुपारी पोथी ऐकतात. "गलका लय," म्हणाल्या, "पोथी कानावर पडंना." मी म्हटलं, मग गल्लीतल्या देवळात जा. तर माझ्यावरच खेकसल्या.

१२ जानेवारी, गुरुवार

किशनरावांच्या पार्वतीबाईंकडे गेले. मोठं घर, जोत्यावर कापसाच्या गाठी, मी आपली उंबऱ्याशी. सांगितलं की तुमचा पास पडून आहे, एका दिवसापुरता दोन आण्यांत देते, अर्धे पैसे तुमचे, संध्याकाळी पास परत.

"आन् मालकायला कळलं तर?"

"पारड्याखालचा पास कोण बघतंय?"

संध्याकाळी त्यांच्या वाटणीचं नाणं दिलं. त्यांनी ते बांधून पदराला गाठ मारली, सोडली, पुन्हा बघितलं, पुन्हा मारली. एवढ्या गडगंज घरात बाईच्या हातात स्वतःचं असं कधी काही आलं नसावं. मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

पाच घरांतून सुनांचे पास मिळाले. सासवांचे मात्र एकही नाहीत. पार्वतीबाईंच्या सासू बायनाबाई, कपाळ पांढरं, जीभ तिखट. "माजा पास माज्या बटव्यात हाय," म्हणाल्या. "मी जानार न्हाई अन् कुनाला देनार बी न्हाई." घरोघर हेच. म्हाताऱ्यांनी पास सुपारीसंगं बटव्यात घालून ठेवलेत.

१५ जानेवारी, रविवार

काल संक्रांत झाली. मधल्या दोन दिवसांत मी आणखी घरांतून पास आणले, जिनातल्या बायका कडूबाईनं गोळा केल्या. आज त्यांना सुट्टी, जनान्यात वीसवर बायका. ताडकळसहून आलेल्या एकीनं हुरडा आणला होता, तो पदरापदरातून फिरत होता. टीमची इंग्रजी नावं कोणाला उच्चारायची? हिरवे ते हरभरेवाले, पिवळे ते हळदवाले. उंच गोलकीपरचं नाव लंबाडा. कडूबाई पुढं बसून सगळ्यांना सांगत होती, आता बघा, आता तो डावीकडून येईल. मागची पोरगी म्हणाली, "कडूमावशे, खाली बस की." तर ती म्हणाली, "तूच उबी राहा." मग सगळ्याच उभ्या राहिल्या.

आत्याबाईंचा घसा बसलाय. पोथीनंतर भजन झालं म्हणे. काढा करून दिला. तो पिता पिता विचारलं, "त्या लंबाड्याच्या गुडघ्याला लय लागलं काय गं?" देवळात माणसं काय काय बोलत असतात, म्हाताऱ्यांच्या कानावर पडतंच.

१८ जानेवारी, बुधवार

घात झाला. कोणीतरी वकिलांच्या कानाला लागलं की जनान्याचे पास काळ्याबाजारात विकले जातात.

काळाबाजार. रेशनच्या दिवसांत हा शब्द कोणाबद्दल वापरत ते मला माहीत आहे. साखर दडवणाऱ्यांबद्दल वापरत. आज तो माझ्याबद्दल वापरला. पासाच्या मागं छापलेलं आहे, विक्री मना. मी ते वाचलं होतं. वाचून दुर्लक्ष केलं होतं, कारण ज्याचे पैसे एकदा भरले ती रिकामी जागा बसायला दिली तर कोणाचं काय गेलं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण वकील म्हणतात, एक जरी पास विकताना सापडला तर रविवारची वाट न बघता कनात उपटू आणि विकणाऱ्याला चावडीवर नेऊ.

सगळ्यांचे पास परत केले. उद्यापासून जनाना पुन्हा कुत्र्याला मोकळा. कडूबाईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "धा दिस मिळाले की, वहिनी." चुलीपुढं बसून मी खूप रडले.

१९ जानेवारी, गुरुवार

माझं डोकं काय चालतं ते माझं मलाच नवल वाटतं.

काल जेवताना हे आत्याबाईंशी बोलत होते. मुंबईकडे गोळीबार झाला, आपला मुलूख कुठल्या राज्यात जाणार, असलं काही तरी चाललं होतं. मग मध्येच म्हणाले, "इकनं गुन्हा हाय, आई. देन्याबद्दल मातर नियमात अक्षर न्हाई. आता संक्रांतीचे दिवस, बाया घरोघर काही ना काही देत राहत्यात."

आत्याबाई म्हणाल्या, "वाट्या देत्यात, फन्या देत्यात. अजून रथसप्तमीपस्तोर देत्यात."

"तेच म्हनलं," हे म्हणाले आणि आणखी वरण मागितलं.

माझं त्या बोलण्याकडे लक्षही नव्हतं. पण आज सकाळी तीळ भाजताना मला एकदम सुचलं. वाण! हळदीकुंकवाला सवाष्णींना वाण लुटतात, त्यात पास लुटायचे. विक्री नाही, काळाबाजार नाही. वाणाला कोण वकील हात लावतो ते बघू.

ह्यांना सांगितलं नाही. उगाच घाबरायचे.

२० जानेवारी, शुक्रवार

पार्वतीबाई तयार होईनात. "जिनातल्या बायायला मी हळदीकुंकू करू?"

मी म्हटलं, शेजारच्या आडत्याच्या घरी काय वाण होतं? पत्र्याची वाटी. तुमचं वाण दोन रुपयांचं होईल, शिवाय पैसे तर केव्हाच भरलेले. साऱ्या मोंढ्यात नाव होईल.

पार्वतीबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "अन् समद्या सुनांचे पास माज्याच घरून लुटायचे?"

"तुमच्याच घरून."

ओसरीवर बायनाबाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लुटायला बसलं की दारातली सवाष्ण माघारी धाडता येत न्हाई. जिनातली असू दे न्हाई तर रानातली." ती म्हातारी माझ्या बाजूनं बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

२२ जानेवारी, रविवार

भरला! जनाना भरला!

सकाळी पार्वतीबाईंच्या दारात रांग लागली. जिनातल्या, भाजीवाल्या, टांगेवाल्यांच्या बायका, गंगाखेडच्या गाडीनं माहेरपणाला आलेल्या दोघी. हळद, कुंकू, तीळगूळ आणि हातावर पास, आता टूर्नामेंट संपेपर्यंत जिचा तिला. मोंढ्यातल्या सुनाही नटूनथटून आल्या. स्वतःचे पास दुसऱ्यांना दिले म्हणून त्यांना कोण अडवणार? घरधन्यांची नावं कमिटीच्या वहीत आहेत, त्या तशाच आत शिरल्या आणि सतरंजीच्या कडेला मातीत बसल्या. पार्वतीबाई एका भाजीवालीला विचारत होत्या, तो काळ्या कपड्यातला सारखी सिटी का वाजवतो.

वकील बघायला आले. पाय ठेवायला जागा नव्हती. कनात उपटायला आणलेले दोन गडी कनातीलाच टेकून खेळ बघत उभे होते. वकिलांनी विचारलं, पास विकत घेतले का? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, वाण आहे. वकील ह्यांच्याकडे बघत राहिले. हे आकाशाकडे बघत होते.

कडूबाई आली नाही. जिनात जादा काम निघालं असेल.

२३ जानेवारी, सोमवार

जिनात जादा काम नव्हतं.

मी काय करून बसले ते मला आज कळलं, आणि तेही तिनं सांगितल्यावर. मी विचारलं, काल का नाही आलीस? ती निवडत असलेल्या तांदळावरून नजर न उचलता म्हणाली, "सवाष्नीचं वाण हाय, वहिनी. मी कशी यीन रांगंत?"

सगळे पास हळदीकुंकवात लुटले. माझ्या डोक्यात आलंच नाही की त्या रांगेत कडूबाईला उभं राहता येत नाही. पास मोंढ्यातून जिनापर्यंत आणायची कल्पना तिची, बायका गोळा केल्या तिनं, आणि जनाना वाचला तो तिला बाहेर ठेवून. मी स्वतःच्या हुशारीत एवढी मश्गूल होते की ती आली नाही तेव्हा मला जादा काम आठवलं.

मी माझा पास तिच्यापुढं धरला. हा वाणाचा नाही, ह्यांनी दिलेला आहे, म्हटलं. तिनं हात मागं घेतला. "तुमी भाईर अन् मी आत? न्हाई. अन् तिथं समद्या कुंकू लावून बसलेल्या, मधी माजं कपाळ कशाला? आदी कुनी बगत नव्हतं. आता बगतील."

पास तसाच पदराआड धरून मी घरी आले.

३० जानेवारी, सोमवार

अंतिम सामन्याला कोणी बडे साहेब सहकुटुंब येणार अशी आवई उठली आणि आडत्यांना आपापले पास आठवले. किशनरावांनी बायकोला सांगितलं, भाजीवालीकडून पास मागून आण. पार्वतीबाई म्हणाल्या, "दिल्यालं वाण माघारी घ्यायचं? तुमच्या घराला ते सोसायचं असंल तर तुमी जाऊन मागा." किशनराव गेले नाहीत. कुठलाच आडत्या गेला नाही.

हे ऐकून हसायला पाहिजे होतं. पण काल सामना चालू असताना कनातीच्या खाली मला दोन पाय दिसले. भेगाळलेले, अनवाणी. कडूबाई बाहेरच्या अंगाला उभी राहून नुसते आवाज ऐकत होती. आत गोल झाला, सगळ्या ओरडल्या. ते पाय तेवढे टाचा उचलून पुन्हा टेकले.

घरी येऊन आत्याबाईंपुढं रडले. कोणापुढं तरी रडायचंच होतं. सगळं सांगितलं, पास विकले तेही सांगितलं. त्या विधवा, त्यांच्यापुढं हे बोलू नये हेही मला सुचलं नाही. त्यांनी ऐकलं, "हूं" म्हणाल्या, शाल पांघरली आणि निघून गेल्या. माणसाचं काळीज दगडाचं असावं तरी किती.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्याबाईंचं देवळात जाणं बंद आहे. रोज मोंढ्यात हिंडतात, एकेका घरी म्हाताऱ्यांपाशी बसून येतात. परवा बायनाबाईंकडे तासभर होत्या. माझीच गाऱ्हाणी चाललेली असणार, दुसरं काय? आज ह्यांना म्हणाल्या, "बुक्का संपलाय, आन." ह्यांनी मोठी पुडी आणली. एवढा बुक्का कशाला लागतो म्हटलं तर दोघंही कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागले.

५ फेब्रुवारी, रविवार

अंतिम सामना. हळदवाले आणि सिकंदराबादचे. दुपारपासून गर्दी. मी कडूबाईला ओढतच नेलं होतं. म्हटलं, आत येऊ नकोस, पण मी तुझ्याबरोबर बाहेर उभी राहीन. कनातीच्या मागं आम्ही दोघी उभ्या होतो.

तेवढ्यात देवळाच्या बाजूनं म्हाताऱ्यांची रांग येताना दिसली. पुढं आत्याबाई, मागं बायनाबाई, त्यांच्यामागं मोंढ्यातल्या आणखी कितीतरी. सगळ्यांची कपाळं पांढरी, सगळ्यांच्या कमरेला बटवे. रस्त्याच्या मधून चालत होत्या. टांगे थांबले.

आत्याबाई कडूबाईसमोर येऊन उभ्या राहिल्या. कडूबाई सवयीनं बाजूला सरायला लागली, तर त्यांनी तिचं मनगट धरलं. डबी उघडली आणि बुक्क्याचं बोट तिच्या कपाळाला टेकवलं.

"हळदीकुंकवाचं वाण त्यायचं झालं," म्हणाल्या. "आता ह्ये आमचं, बुक्क्याचं."

आणि बटव्यातून आपल्या नावचा पास काढून तिच्या हातावर ठेवला. हा पास ह्यांनी त्यांना कधी दिला होता, कोण जाणे.

कडूबाईनं आधी हात लुगड्याला पुसले. मग दोन्ही हातांनी घेतला. बायनाबाईंनी आपला पास जिनातल्या दुसऱ्या एका विधवेला दिला, ती कुठून आली मला कळलंही नाही. मग तिसरी, चौथी. कनातीमागं अशा किती जणी येऊन उभ्या राहत होत्या ते मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं. म्हाताऱ्या बुक्का लावत होत्या आणि बटवे रिकामे करत होत्या.

माणिकराव वकील धावत आले. "आत्या, आत जागा न्हाई. तुमी पास दिले, आता तुमी स्वतः कुठं बसनार?"

"आत."

"पन जागा..."

"कनात सरकवा की," आत्याबाई म्हणाल्या. "तिला काय मुळं फुटल्यात?"

वकिलांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आधीच मेखा उपटायला घेतल्या होत्या. पुरुषांच्या खुर्च्यांच्या दोन रांगा मागं गेल्या, कनात पलीकडे ठोकली, आणि म्हाताऱ्या आत येऊन बसल्या. आत्याबाई तर जन्मभर तिथंच बसत आल्यासारख्या बसल्या. लंबाड्यानं चेंडू सोडला तेव्हा त्यांनी त्याला अशी काही शिवी घातली की मी कानावर हात ठेवले. एका दिवसात बाई एवढं शिकल्या कशा, कोण जाणे.

कडूबाई पहिल्यांदा माझ्या आड बसली. मग भाजीवालीनं तिला पुढं ओढलं, "कडूमावशे, तू सांग की आता काय हुईल." पार्वतीबाईंनी कुंकवाचा करंडा बाजूला सारून तिला जागा करून दिली. कडूबाई बसली. मग गुडघ्यावर आली. मग उभी राहिली, कपाळावर बुक्का, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि पोट भरून ओरडली.

मी सगळा वेळ तिच्याकडेच बघत होते. कोण जिंकलं ते मला घरी आल्यावर विचारावं लागलं.